ग्रुप राइडबद्दल सुरक्षिततेची तक्रार आली, तर सायकल क्लबने काय करावं?

रविवारची राइड संपते, फोटो पडतात, आणि दुपारी कुणीतरी ग्रुपवर लिहितं, ‘आज उतारावर जे झालं ते बरोबर नव्हतं.’ मग एक जण विचारतो नेमकं काय झालं, दुसरा म्हणतो घाटात एवढं चालायचंच, तिसरा नवख्यांनी नवख्यांच्या राइडला यावं असं सुचवतो. संध्याकाळपर्यंत विषय पुढच्या रविवारच्या मार्गावर गेलेला असतो. ज्याने लिहिलं तो पुढच्या दोन राइड चुकवतो आणि नंतर येतच नाही. क्लबला वाटतं, कामात अडकला असेल.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, ठाणे, कुठेही जा, बहुतेक क्लब एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि दोन-चार जुन्या मंडळींच्या उत्साहावर चालतात. त्यात गैर काही नाही, पण अशा रचनेत तक्रारीला जागाच नसते. कोण कुठे पडणार आहे, हे पडण्याआधी सांगणारी दुसरी कुठलीही सोय क्लबकडे नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: रविवारी आलेल्या तक्रारीचं उत्तर पुढच्या रविवारची राइड सुटण्याआधी मिळालं पाहिजे. ते कसं जमवायचं, ते क्रमाने सांगतो.

१. तक्रार कुठे आणि कुणाकडे द्यायची, हे आधी ठरवा

दोन माणसं नेमा, त्यातली एक स्त्री असावी. शक्यतो ही माणसं दर आठवड्याला राइड लीड करणारी नसावीत, कारण बऱ्याच तक्रारी लीडच्या कामाबद्दलच असतात. क्लब ज्यांनी सुरू केला त्यांनाही या कामातून मोकळं ठेवा. त्यांच्याबद्दल सगळ्यांना आदर असतो आणि त्या आदरापोटीच लोक त्यांच्यासमोर गप्प बसतात. या दोघांची नावं आणि नंबर ग्रुपच्या माहितीत सगळ्यात वर ठेवा.

सोबत एक साधा गूगल फॉर्म ठेवा. त्यात एवढंच विचारा: तारीख आणि राइड, नेमकी जागा, म्हणजे कुठल्या वळणावर, कुठल्या पुलाजवळ, काय घडलं, लागलं का, आधी असं घडलेलं पाहिलंय का, आणि क्लबने काय करावं असं वाटतं. नाव लिहिणं ऐच्छिक ठेवा, पण निनावी तक्रारीत पुढचे प्रश्न विचारता येत नाहीत, हे फॉर्मवरच सांगा. फॉर्मचा फार भरवसाही धरू नका. आपल्याकडे माणसं लिहीत नाहीत, फोन करतात, नाहीतर चहाच्या टपरीवर बाजूला घेऊन सांगतात. ती तक्रारसुद्धा तितकीच खरी. ऐकणाऱ्याने त्याच दिवशी ती लिहून काढावी आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवावी, ‘तुम्ही असं म्हणालात, बरोबर ना?’ या एका सवयीने पुढचे बरेच गैरसमज टळतात.

तरीही तक्रार ग्रुपवर आलीच तर ती डिलीट करू नका. ॲडमिनने एकच मेसेज टाकावा: ‘हे वाचलं. नोंद घेतली आहे, आज संध्याकाळी फोन करतो. ज्यांनी हे पाहिलं असेल त्यांनी मला वेगळं कळवा. इथे चर्चा नको.’ आणि संध्याकाळी खरंच फोन करावा.

२. पहिल्या दिवशी फक्त वर्गवारी

पहिल्या चोवीस तासांत चूक कुणाची हे ठरवायचं नसतं. तक्रार कुठल्या प्रकारची आहे एवढंच पाहायचं.

बहुतेक तक्रारी सायकल चालवण्याच्या पद्धतीबद्दल असतात. न सांगता ब्रेक दाबणं, मागच्या चाकाला पुढचं चाक भिडवून चालवणं, डावीकडून घुसणं, हायवेवर तिघं-चौघं गप्पा मारत शेजारीशेजारी चालवणं, कानात इअरफोन. दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी आखणीबद्दलच्या असतात: ‘आरामात राइड’ म्हणाले आणि तीसच्या वेगाने गेले, मागे पंक्चर झालं तेव्हा कुणीच नव्हतं, अंधारात निघालो आणि निम्म्यांकडे टेललाइट नव्हता. काही तक्रारी रस्त्याच्याच असतात. खड्डा, डंपरमधून सांडलेली खडी, ठरावीक वळणावरची कुत्री. खड्डा बुजवणं क्लबच्या हातात नाही, पण महापालिका किंवा बांधकाम खात्याकडे फोटोसह तक्रार करणं आणि तोवर मार्ग बदलणं हातात आहे.

चौथा प्रकार मात्र या प्रक्रियेत घालूच नका. कुणी दारू पिऊन आलं, कुणी धमकी दिली, कुणी बाईमाणसाला त्रास दिला, लगट केली, नको ते मेसेज पाठवले, तर ती ‘राइडमधली कुरबुर’ नव्हे. अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला चौकशी होईपर्यंत राइडला येऊ देऊ नका आणि जिला त्रास झाला तिला पोलिसांत जायचं असेल तर सोबत जा. प्रकरण अठरा वर्षांखालच्या मुलामुलीच्या लैंगिक छळाचं असेल तर क्लबला पर्यायच नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आपसांत मिटवू’ म्हणणारा स्वतः अडचणीत येतो.

तक्रार कुठल्याही प्रकारची असो, चोवीस तासांत पोच द्या. ‘मिळाली, शुक्रवारपर्यंत काय ठरलं ते सांगतो’ एवढं पुरे.

३. कुणाला लागलं असेल तर

इथे क्रम बदलतो. आधी उपचार, तक्रार नंतर. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह कुठल्याही आणीबाणीसाठी ११२. हे दोन नंबर लीड आणि स्वीप (सगळ्यात मागे राहून शेवटच्याला सांभाळणारा) दोघांच्याही फोनमध्ये असतात, पण जखमीच्या घरचा नंबर नसतो. तो राइडला नाव नोंदवतानाच घ्या.

मदत करायला लोक अजूनही बिचकतात, म्हणून हे क्लबमध्ये आवर्जून सांगत राहा: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीतल्या चुकीसाठी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. गाडीने धडक दिली असेल तर पोलिसांत नोंद कराच, मुका मार असला तरी. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार मिळू शकतात. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी २ लाख रुपयांची भरपाई मागता येते. या दोन्ही ठिकाणी पोलिसांची नोंद लागते.

त्याच दिवशी जागेचे, सायकलचे आणि हेल्मेटचे फोटो घ्या. आसपासच्या दोघा-तिघांना त्यांच्या सायकल कॉम्प्युटरमधली किंवा स्ट्राव्हा ॲपवरची राइड डिलीट करू नका म्हणून सांगा. कोण कुठे होता, किती वेगात होता, हे आठवणीपेक्षा त्यातून नीट कळतं. डोकं आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी पुन्हा वापरू देऊ नका. आतला फोम एकदा दबला की तो परत धक्का शोषत नाही.

४. चौकशी: माणसापेक्षा आधी राइड तपासा

या टप्प्यावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण बहुतेक क्लब इथेच घसरतात. तक्रार आली की ‘कोण होता तो?’ हा पहिला प्रश्न येतो. त्याऐवजी ‘राइड कशी आखली होती?’ हा आधी विचारा.

समजा, तक्रार अशी आहे: ‘बोपदेव घाटात कोंढव्याच्या बाजूला उतरताना वळणावर दोघं माझ्या डावीकडून घुसले. दचकून मी ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं. थोडक्यात वाचले.’

पाच जणांशी बोला, प्रत्येकाशी वेगळं: तक्रार करणारी, ते दोघं, लीड, स्वीप. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. घाटमाथ्यावरून कोण कधी निघालं? तुमच्या पुढे कोण होतं? ओव्हरटेक करण्याआधी आवाज दिला का? ‘तुझी चूक होती का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम ‘नाही’ असतं. जमलं तर सकाळी त्याच वेळी त्या वळणावर जाऊन उभे राहा. डावीकडे खडी आहे का, ऊन डोळ्यांवर येतं का, समोरून येणारा टेम्पो किती उशिरा दिसतो, हे तिथे गेल्याशिवाय समजत नाही.

मग चित्र काहीसं असं उभं राहतं. राइडच्या मेसेजमध्ये ‘आरामात, सगळ्यांसाठी’ असं लिहिलं होतं, पण खालीच ‘ॲव्हरेज २५’. वर चहाला दोन्ही गट एकत्र आले. लीड आधी उतरला, मग हळू उतरणारे, आणि फोटो काढत बसलेले वेगवान गडी सगळ्यात शेवटी निघाले. म्हणजे संपूर्ण घाटभर वेगवान माणसांना हळू माणसांना ओलांडत खाली यावं लागणार, हे चहा पितानाच ठरून गेलं होतं. डावीकडून घुसणं ही त्या दोघांची चूकच, ती त्यांना सांगायची. पण फक्त त्यांना दटावून थांबलात, तर पुढच्या महिन्यात दुसरे दोघं तेच करतील.

वेगाचा हिशेब माहीत असला की अशा बोलण्याला वजन येतं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पुढच्याने ब्रेक दाबल्याचं कळून आपली बोटं हलेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तरी साडेपाच मीटर, म्हणजे तीन सायकलींहून जास्त लांबी, ब्रेक न लागताच गेलेली असते. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं.

सपाटीवरच्या पडण्याच्या मागे बऱ्याचदा एकच कारण निघतं: मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आलेलं असतं. पुढचा खड्डा चुकवायला वीतभर सरकतो, चाकं घासतात आणि मागचा पडतो. पडणारा सांगतो, ‘त्याने एकदम कट मारला.’ पुढचा म्हणतो, ‘मला मागे कुणी आहे हेच माहीत नव्हतं.’ दोघंही खरं बोलत असतात. इथे दोघांनाही शिकवावं लागतं: मागच्याला अंतर ठेवायला, पुढच्याला हात करायला आणि आवाज द्यायला.

५. निर्णय

क्लबमधल्या तिघांनी बसून निर्णय घ्यावा. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याचा भाऊ, बायको किंवा दर रविवारचा राइडपार्टनर त्यात असेल तर त्याने स्वतःहून बाजूला व्हावं. तक्रार संस्थापकाबद्दल किंवा मुख्य लीडबद्दल असेल तर त्यांच्याच हाताखाली चौकशी ठेवू नका. शेजारच्या क्लबमधल्या एखाद्या जाणत्या माणसाला बोलवा. अवघड वाटतं खरं, पण बाकीचे सदस्य क्लबला जोखतात ते याच प्रसंगावरून.

पायऱ्या आधीच लिहून ठेवा, म्हणजे ऐनवेळी माणूस बघून शिक्षा ठरत नाही. पहिल्यांदा एकट्याशी बोलणं. पुन्हा घडलं तर पुढच्या काही राइड लीडच्या शेजारी चालवायची किंवा वेगवान गटात यायचं नाही. त्यानंतरही तेच, तर ठरावीक काळ राइड बंद. काही गोष्टींना पायऱ्या नसतात. हेल्मेट नाही तर राइड नाही, दारूचा वास आला तर परत घरी, आणि तक्रार करणाऱ्याला कुणी धमकावलं किंवा ‘फारच नाजूक आहेस बाई’ म्हणून टोमणे मारायला लागलं, तर थेट राइड बंद. या शेवटच्या बाबतीत ढिलाई केलीत तर पुढची तक्रार येणारच नाही.

क्लब नोंदणीकृत ट्रस्ट किंवा संस्था असेल तर सदस्यत्व काढायला घटनेत दिलेल्या पद्धतीनेच जावं लागतं, नोटीस, बाजू ऐकणं वगैरे. पण आजच्या राइडला एखाद्याला सोबत घ्यायचं की नाही हा लीडचा अधिकार असतो. तो नियमावलीत स्पष्ट लिहा, म्हणजे पहाटे साडेपाचला चौकात उभं राहून वाद घालावा लागत नाही.

राइडआधी ‘स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे’ अशी सही घेतली म्हणून निश्चिंत राहू नका. त्या सहीने क्लबची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाकडे वैयक्तिक अपघात विमा आहे का हे विचारा, आणि त्यात शर्यत किंवा साहसी खेळ वगळलेत का ते वाचायला सांगा.

६. कुणाला काय सांगायचं

तक्रार करणाऱ्याला पूर्ण सांगा, शुक्रवारच्या आत. भाषा साधी ठेवा. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. तुम्ही सांगितलेला प्रसंग आम्ही पाचही जणांशी बोलून तपासला. डावीकडून ओव्हरटेक झालं हे खरं आहे, दोघांशी बोललो आहोत. घाटमाथ्यावरून कुणी कधी निघायचं हे ठरलेलं नव्हतं, ही आयोजनाची चूक होती. या रविवारपासून उतरण्याचा क्रम लीड ठरवेल. काही राहिलं असं वाटत असेल तर फोन करा.’

ज्यांच्याबद्दल तक्रार होती त्यांच्याशी प्रत्यक्ष बोला, मेसेजवर नको. तक्रार कुणी केली हे सांगायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, प्रसंग सांगितला की पुरतं. आणि ग्रुपवर फक्त नवा नियम टाका. नावं नाहीत, ‘काही सदस्यांच्या वागण्यामुळे’ असले सूचक शब्दही नाहीत.

तक्रारीत तथ्य निघालं नाही तरी उत्तर द्यायचंच, कारणासह. तक्रार करणाऱ्याला वाटलेली भीती खरी होती, हे मान्य करायला काही जात नाही.

७. राइडमध्ये बदल

निर्णय राइडच्या मेसेजमध्ये दिसला पाहिजे. चांगला मेसेज साधारण असा असतो:

‘रविवार, सकाळी ६, खडी मशीन चौक. बोपदेव घाट आणि परत. दोन गट. पहिला: सपाटीला २८ ते ३०, वर थांबणार नाही. दुसरा: सपाटीला २० ते २२, शेवटचा येईपर्यंत वर थांबणार. प्रत्येक गटात जास्तीत जास्त दहा. लीड आणि स्वीपची नावं खाली. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, एक ट्यूब, पंप. उतरताना: वेगवान आधी, दोन-दोनच्या जोड्या, मध्ये अर्धा मिनिट. वळणात ओव्हरटेक नाही. करायचं तर सरळ पट्ट्यात, उजवीकडून, आवाज देऊन. खाली रस्ता सोडून आत थांबायचं.’

‘ॲव्हरेज’ लिहू नका, सपाटीवरचा वेग लिहा. घाटाच्या राइडचा ॲव्हरेज कुणालाच काही सांगत नाही आणि नवखा माणूस त्यावरूनच फसतो. निघण्याआधी दोन मिनिटं हेच तोंडी सांगा आणि आरोळ्या ठरवून घ्या: खड्डा, स्पीडब्रेकर, स्लो, मागून गाडी. मराठी-इंग्रजी काहीही चालेल, पण सगळ्यांची एकच हवी. बीआरएमची, म्हणजे वेळेच्या मर्यादेत दोनशे किलोमीटर आणि त्याहून लांब पल्ला मारणारी मंडळी रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि दिव्यांशिवाय निघूच शकत नाहीत. तोच नियम पहाटेच्या राइडला लावायला काहीच हरकत नाही.

हंगाम बघून नियम बदलावे लागतात. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि पुलाच्या सांध्यांवरचं लोखंड निसरडं होतं, तिथे वळताना ब्रेक नको. दिवाळीनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो, दोन-दोन जोडलेल्या असतात. त्या काळात अंधारात हायवे नकोच, अर्धा तास उशिरा निघा.

८. नोंदवही

एक शीट पुरे: तारीख, मार्ग, जागा, काय घडलं, काय ठरलं, कधी कळवलं. नावं आणि फोन नंबर वेगळ्या शीटमध्ये, फक्त तक्रारी घेणाऱ्या दोघांना दिसतील असे. पडता पडता वाचलेले प्रसंगही यात लिहा, ते पडण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. दर तीन महिन्यांनी ही शीट जागेनुसार लावून वाचा, माणसानुसार नव्हे. एकाच वळणाचं नाव तिसऱ्यांदा आलं तर त्या वळणाला राइड नेऊ नका किंवा तिथे सगळ्यांनी ओळीत, हळू जायचं असं ठरवा. पावसाळ्याआधी आणि उसाच्या हंगामाआधी ही बैठक हमखास घ्या.

तक्रार बंद केव्हा म्हणायची? उत्तर पाठवलं त्या दिवशी नाही. त्याच मार्गावर नव्या नियमाने पुढची राइड झाली, स्वीपने शेवटून पाहून ‘क्रम पाळला गेला’ असं शीटमध्ये लिहिलं, आणि तक्रार करणाऱ्या व्यक्तीला महिन्याभराने फोन करून ‘आता कसं वाटतंय, येताय ना?’ विचारलं, की मग त्या ओळीपुढे ‘बंद’ लिहा. ती व्यक्ती येत नसेल तर का, तेही त्याच ओळीत लिहून ठेवा.